मधपेटी, पाहुणे आणि धुतलेल्या चादरी

आमच्या होमस्टेवर मधमाश्यांची पेटी आणून बारा दिवस झाले होते. दोन दिवस पावसाची झड लागलेली आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आठ पांढऱ्या चादरी अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. अकराच्या सुमाराला मावशी त्या काढायला गेल्या तर प्रत्येक चादरीवर पिवळे ठिपके, काही गोल, काही ओघळ उडाल्यासारखे लांबट. कुणीतरी रंग उडवला म्हणून त्यांनी दोन नंबरच्या खोलीतल्या मुलांना दटावलं, चादरी पुन्हा धुतल्या, पुन्हा वाळत घातल्या. तासाभरात पुन्हा तेच. ती मुलं बिचारी तोवर नदीवर पोहायला गेली होती.

मधमाश्या निरोगी असतील तर पेटीच्या आत घाण करत नाहीत. पाऊस असो, थंडी असो, दिवसेंदिवस दम धरतात आणि ऊन पडलं की हजारोंनी बाहेर येऊन उडता उडता पोट मोकळं करतात. या पिवळ्या ठिपक्यांनी एकदा जगाचं राजकारणही ढवळून काढलं होतं. १९८१ साली अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आग्नेय आशियात विषारी अस्त्रं वापरली जात असल्याचा आरोप केला. पानांवर पडलेल्या त्या ‘पिवळ्या पावसा’चे नमुने मॅथ्यू मेसेल्सन, थॉमस सीली आणि इतर शास्त्रज्ञांनी तपासले, तर ते परागांनी भरलेले निघाले. मधमाश्यांची विष्ठा! आमच्या मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी त्या मुलांना बोलावून घेतलं आणि त्यांची समजूत काढली.

माश्या कशा पाळायच्या हे शिकवणारी माणसं भेटतात. पण मुक्कामाला माणसं येतात अशा घरी माश्या पाळणं ही थोडी वेगळी गोष्ट आहे. शेतातली पेटी आणि तिचा मालक एकमेकांना ओळखतात. होमस्टेवर मात्र दर दोन दिवसांनी नवी माणसं येतात आणि त्यांना पेटीची काहीच सवय नसते. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत जे काही गोंधळ झाले, ते बहुतेक सगळे यातूनच झाले. म्हणून पेटी आणायच्या आधीपासून एकेक पायरी सांगते.

पेटी आणण्याआधी

घरातल्या आणि कामावरच्या प्रत्येकाला विचारा: माशी चावल्यावर कधी अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, भोवळ आली असं झालंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांशी बोला. तुमच्या भागात मधपेट्यांची नोंदणी लागते का, वस्तीपासून किती अंतर ठेवावं लागतं, हेही याच वेळी विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

जमलं तर एखाद्या अनुभवी मधपाळाबरोबर एक पूर्ण हंगाम पेट्या उघडा. वाचून कळतं त्याच्या कितीतरी पट हात लावून कळतं. आणि सुरुवात एका नाही, दोन वसाहतींनी, म्हणजे माश्यांच्या दोन पेट्यांनी करा. एकच असली की ती बरी चालली आहे की नाही हे समजायला काही मापच नसतं. शिवाय एकीची राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक फ्रेम (पोळ्याची चौकट) तिला देता येते आणि त्या अंड्यांतून कामकरी माश्या नवी राणी वाढवतात. पेट्या आणायच्या त्या फुलांचा हंगाम सुरू होताना.

जागा: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आम्ही पहिली पेटी व्हरांड्यासमोर ठेवली होती, कारण तिथून ती फार सुंदर दिसायची. नाश्ता करता करता पाहुण्यांना माश्यांची ये-जा दिसेल, अशी कल्पना. ती दिसलीच, पण पाहुण्यांच्या डोक्यावरून. पेटीच्या दारातून निघालेली माशी सरळ रेषेत, आधी अगदी खालून उडते आणि मग वर चढते. आमचं नाश्त्याचं टेबल नेमकं त्या वाटेत होतं. एका ताईंच्या अंबाड्यात माशी अडकली. त्या उठून उभ्या राहिल्या, त्यांचे यजमान हातातल्या वर्तमानपत्राने वारा घालू लागले, आणि त्या वाऱ्याने आणखी दोघी तिकडे आल्या. कुणाला डंख झाला नाही, पण त्या दिवसापासून नाश्ता मागच्या बाजूला द्यायला सुरुवात केली.

मग ठरवलं की पेटीच हलवू. रात्री माश्या आत गेल्यावर दार जाळीने बंद करून पेटी चाळीस मीटरवर, कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवली. हे कुणीही करू नये, म्हणून सविस्तर सांगते. माशीला तिची पेटी आठवत नाही, तिला पेटीची जागा आठवते. तरुण माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा पेटीकडे तोंड करून मागे मागे उडत, लहान-मोठे वळसे घेत आजूबाजूची झाडं, भिंती, छप्पर लक्षात ठेवते. एकदा ती जागा मनात बसली की तीन-चार किलोमीटरवरून फुलं फिरून आलेली माशी तिथेच उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारो माश्या जुन्या रिकाम्या जागेवर हवेत घोंघावत होत्या. ती जागा मोकळी झाली म्हणून तिथे बाक ठेवला होता आणि बाकावर एक आजोबा पुस्तक वाचत बसले होते. माश्या त्यांच्या खांद्यावर, पुस्तकाच्या पानांवर, काठीच्या मुठीवर उतरत होत्या. आजोबा हलले नाहीत. मी धावत गेले तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, “यांचं घर कुणी नेलं?”

त्या संध्याकाळी पेटी परत जुन्या जागी आली. तेव्हा नियम लक्षात ठेवा: पेटी हलवायची तर दिवसाला साधारण एक मीटरच सरकवा. नाहीतर पाच किलोमीटरच्या पलीकडे नेऊन दोन-तीन आठवडे ठेवा आणि मग नव्या जागी आणा. आम्ही दुसरा मार्ग घेतला, एका ओळखीच्यांच्या मळ्यात पेटी नेऊन ठेवली. ते आजोबा घरी जाताना त्यांचा पत्ता लिहून गेले आणि पेटी परत आल्यावर कळवा म्हणाले. कळवलंही.

आता जागा कशी असावी. सकाळचं ऊन पहिल्यांदा पेटीवर पडावं, दुपारी थोडी सावली मिळावी, वाऱ्याला आडोसा असावा, जमीन कोरडी असावी. पेटी स्टँडवर ठेवा आणि पुढच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी आत साचत नाही. दाराच्या समोर पायवाट, झोपाळा, गाड्या लावायची जागा, कपड्यांची दोरी यांतलं काहीही नको. समोर दोन-तीन मीटरवर माणसापेक्षा उंच कुंपण किंवा दाट झाडी असेल तर फार उत्तम. माश्यांना ते ओलांडायला लगेच वर चढावं लागतं आणि पलीकडे त्या माणसांच्या डोक्यांच्या बऱ्याच वरून जातात. आमची दोरी आता पेट्यांच्या मागच्या बाजूला, घराच्या आड आहे. झडीनंतरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी पांढरे कपडे दुपारी चारनंतरच वाळत घालतो.

पाणी, आणि तेही आधी

माश्यांना पाणी लागतं. पिलांचं खाद्य पातळ करायला लागतं आणि उन्हाळ्यात पेटी गार ठेवायलाही लागतं. पाणी त्या कुठूनतरी आणतातच, प्रश्न एवढाच की कुठून. स्वच्छ पाण्यापेक्षा शेवाळलेल्या, क्षारांचा वास असलेल्या पाण्यावर त्यांचा जास्त जीव. आमच्याकडे बाहेरच्या न्हाणीघराचा गळका नळ आणि त्याखालची ओली फरशी त्यांनी पसंत केली. एक पाहुणे अंघोळीला गेले, साबण लावला आणि वर बघतात तर नळावर पस्तीस-चाळीस माश्या ओळीने पाणी पीत बसलेल्या. ते अर्धा तास कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून उभे होते, हाक मारायचा संकोच वाटला म्हणून. पाणी भरणारी माशी कुणाच्या वाटेला जात नाही, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

म्हणून पेटी यायच्या आधीच, पेटीपासून आठ-दहा मीटरवर, उन्हात एक पसरट भांडं ठेवा. त्यात खडे किंवा लाकडाचे तुकडे घाला, म्हणजे माश्या बुडत नाहीत. मुख्य म्हणजे ते भांडं एकही दिवस कोरडं पडू देऊ नका. एकदा न्हाणीघराची किंवा पोहण्याच्या तलावाची सवय लागली की ती मोडायला हंगाम जातो. आम्ही नळ दुरुस्त केला, फरशी कोरडी ठेवली, तरी तीन आठवडे त्या येऊन बघून जात होत्या.

पेटीतली मोकळी जागा

हे थोडक्यात. १८५१ साली अमेरिकन मधपाळ लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं की दोन भागांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती येण्या-जाण्यासाठी मोकळी सोडतात. फट त्याहून कमी असली तर डिंकासारख्या रसाने बुजवतात, जास्त असली तर तिथे पोळं बांधतात. उचलता येणाऱ्या फ्रेमची आजची पेटी या एका निरीक्षणावर उभी आहे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की दहा फ्रेमच्या पेटीत दहाच फ्रेम घाला. आम्ही एक फ्रेम दुरुस्तीला काढली आणि चार दिवस विसरलो. तेवढ्यात झाकणाला लटकून वेडंवाकडं, पांढरंशुभ्र पोळं तयार! झाकण उचललं तर अख्खं पोळं झाकणाबरोबर वर आलं.

पेटी उघडताना

उबदार, निवांत, वारा नसलेला दिवस निवडा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान बऱ्याचशा माश्या फुलांवर गेलेल्या असतात, पेटीत गर्दी कमी असते. फिक्या रंगाचे, गुळगुळीत कापडाचे कपडे, जाळीचा बुरखा, हातमोजे. अत्तर लावू नका.

धुराचं यंत्र आधी नीट पेटवून घ्या. धूर गार आणि पांढरा हवा. तो स्वतःच्या मनगटावर सोडून बघा, चटका बसला तर माश्यांनाही बसेल. दाराशी दोन-तीन झुळका द्या, मिनिटभर थांबा, मग झाकण उचला. धुरामुळे माश्या मध पोटात भरून घ्यायला लागतात आणि धोक्याचा इशारा देणारा त्यांचा वासही झाकला जातो. त्या वासातला मुख्य घटक आयसोअमाईल अ‍ॅसिटेट. पिकलेल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. एका सकाळी पेटी बघायला चार मुलं आली आणि चौघांच्याही हातात केळं. मी त्यांना आधी केळी संपवून हात धुऊन यायला सांगितलं. कारण समजल्यावर दिवसभर ती येईल त्या पाहुण्याला हीच माहिती देत होती.

पायांकडे लक्ष द्या. माशी जमिनीवर पडली की वर चढते, आणि अंधाराकडे चढते. माझ्या धाकट्या दिरांनी बुरखा, हातमोजे सगळं व्यवस्थित घातलं, पण पायजमा सैल आणि पायात चपला. फ्रेम हातात असतानाच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फ्रेम अगदी सावकाश, जशी ठेवायला हवी तशी पेटीत परत ठेवली, झाकण लावलं, चार पावलं चालत गेले आणि मग असे पळाले की थेट गोठ्यात जाऊन पायजमा काढूनच थांबले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. गुडघ्याच्या वर तीन माश्या असताना फ्रेम न टाकणं सोपं नाही. फ्रेम टाकली असती तर राणी चिरडली असती आणि सगळी पेटी उठली असती. पँट मोज्यांच्या आत खोचा, नाहीतर घोट्याशी रबर लावा.

डंख झाला तर

कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतते, विषाच्या पिशवीसकट तुटून तिथेच राहते आणि विष सोडत राहते. म्हणून नखाने, कार्डाने, चिमटीने, जसं जमेल तसं, पण लगेच काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. मग जागा धुऊन गार पट्टी ठेवा. थोडी सूज आणि खाज येणारच. पण श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, उलटी, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. जवळ अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर ते द्या आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. पाहुण्यांची नोंद करतानाच ‘माशीची अ‍ॅलर्जी आहे का’ हा प्रश्न विचारा. जवळच्या दवाखान्याचा नंबर स्वागताच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

साखरपाणी आणि स्वयंपाकघर

नव्या वसाहतीला सुरुवातीला साखरपाणी द्यावं लागतं, वजनाने साखर आणि पाणी सारखं. ते संध्याकाळी द्या, पेटीच्या आत द्या, आणि बाहेर एक थेंबही सांडू देऊ नका. सांडलं की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटीला येतात आणि दारात मारामारी जुंपते. तसं दिसलं तर दार एका माशीपुरतं अरुंद करा.

एका काकूंनी जाताना मोठ्या प्रेमाने विकतच्या मधाची अर्धी बाटली पेट्यांसमोर उघडून ठेवली होती, ‘लेकरांना’ म्हणून. त्यांची माया खरी होती, पण दुसरीकडचा मध माश्यांना कधीही देऊ नये. त्यातून फाउलब्रूडसारख्या पिलांच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात आणि ते वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हे तुमच्या पाहुण्यांना आधीच सांगा.

पहिला मध आम्ही स्वयंपाकघरात काढला, दुपारी, उकडतंय म्हणून खिडकी उघडी ठेवून. पहिल्या वीस मिनिटांत चार-पाच माश्या आल्या. त्या परत गेल्या, पेटीत नाचल्या, आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. खाद्य जवळ असेल तर माशी गोल गोल नाचते. लांब असेल तर पोट हलवत, दिशा आणि अंतर सांगत नाचते. हा नाच वाचणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आमच्या स्वयंपाकघरात त्या नाचाचा परिणाम तासाभरात दिसला. ओट्यावर, भांड्यांवर, दिव्यावर माश्याच माश्या. रात्रीचं जेवण अंगणात चूल मांडून केलं.

माश्या घरात शिरल्या तर झटकू नका. सगळे दिवे बंद करा, खोलीत अंधार करा आणि मावळतीकडची एकच खिडकी उघडी ठेवा. उजेडाकडे त्या आपोआप निघून जातात. मध नेहमी बंद खोलीत, संध्याकाळनंतर काढा. फ्रेममधल्या निदान तीन चतुर्थांश घरांवर मेणाची झाकणं आलेली असायला हवीत. फ्रेम आडवी धरून झटका द्या, थेंब उडाले तर मध कच्चा. त्यात पाणी २० टक्क्यांहून जास्त असलं तर मध आंबतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका, त्यातून बॉट्युलिझम (जिवावर बेतू शकणारी विषबाधा) होण्याचा धोका असतो. पाहुण्यांना मधाची बाटली देताना हे मी तोंडानेही सांगते.

मोहोळ उठतं तेव्हा

फुलोरा भरात आला, पेटी माश्यांनी दाटली की जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, पण या वेळी माश्या सगळ्यात शांत असतात. पोटात मध भरलेला, राखायला घर नाही, पिलं नाहीत.

आमचं पहिलं मोहोळ एका कुटुंबाच्या गाडीच्या आरशावर बसलं. सामान चढवून झालं होतं, मुलं आत बसली होती, आणि पाच मिनिटांत आरशाच्या जागी फुटबॉलएवढा तपकिरी, हलता घोस. मुलांना दुसऱ्या दाराने उतरवलं, सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं. आरसा झटकता येत नाही. म्हणून एका रिकाम्या पेटीत जुन्या पोळ्याची एक फ्रेम घातली आणि ती पेटी, खालचं तोंड उघडं ठेवून, घोसाच्या वर टेकवून धरली. जी सवय दिरांच्या पायजम्यात नडली तीच इथे उपयोगी पडली: माश्या अंधाराकडे वर चढायला लागल्या. मग पेटी चादरीवर ठेवली, एका बाजूने लाकडाचा तुकडा लावून फट ठेवली. फटीशी काही माश्या ओळीने उभ्या राहिल्या, डोकं खाली, पोट वर, पंख इतके वेगात की नुसती चकाकी दिसावी. जवळ वाकलं की लिंबासारखा मंद वास येत होता. ‘घर इथे आहे’ असा तो निरोप. राणी आत गेली असल्याची ही खूण. उरलेल्या सगळ्या चादरीवरून चालत चालत आत गेल्या. ते कुटुंब तीन तास उशिरा निघालं आणि धाकटी मुलगी तेवढा वेळ जमिनीवर पालथी पडून बघत होती.

मोहोळ उठू नये म्हणून हंगामात सात-आठ दिवसांनी पेटी बघा. फ्रेमच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती घरं दिसली तर नव्या राण्या तयार होत आहेत. अंड्यापासून राणी १६ दिवसांत बाहेर येते, कामकरी माशी २१ आणि नर २४ दिवसांत. राणीचं घर आठव्या-नवव्या दिवशी मेणाने बंद होतं आणि त्या सुमारालाच मोहोळ उठतं. म्हणून नव्या फ्रेम, वरची कोठी (पेटीवर ठेवायचा जादा मजला), नाहीतर वसाहत विभागणं, हे त्याआधी करा. शिवाय एक रिकामी पेटी आणि एक जुनी चादर कायम तयार ठेवा.

रात्री

उकाड्याच्या रात्री माश्या पेटीच्या बाहेर दाढीसारख्या लटकून बसतात. आत गर्दी कमी व्हावी म्हणून हे करतात, काळजीचं काही नाही. पण पाहुणे मोबाईलचा टॉर्च मारून बघायला जातात आणि माश्या त्या उजेडावर झेपावतात. त्यांना लाल रंग दिसत नाही. आम्ही लाल कागद लावलेली एक बॅटरी स्वागताच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना बघायचंय त्यांना ती देतो आणि सोबत कुणीतरी जातं.

खोलीतलं कार्ड

प्रत्येक खोलीत आरशाजवळ एक छोटं कार्ड लावलंय. त्यातला मजकूर लागेल तसा बदलून घ्या:

“कुंपणाकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत. बघायला जरूर या, आम्हाला सांगून या, आम्ही सोबत येतो. पेटीच्या समोर उभं राहू नका, बाजूने किंवा मागून बघा. माशी जवळ आली तर हात हलवू नका, सावकाश चालत दूर व्हा. केसांत अडकली तर आम्हाला हाक मारा. न्हाणीघरात माशी दिसली तर ती पाणी प्यायला आली आहे, तरीही हाक मारायला संकोच करू नका. अ‍ॅलर्जी असेल तर आत्ताच सांगा.”